चोरामागे वासरे



अंतरंगशुद्धी आणि बहिरंगशुद्धी यांचे सात नियम सांगणारे महात्मा बसवेश्वरांचे वचन आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. मठाच्या शिबिरात मुलांना पहिल्या दिवशी तेच शिकवतात. पाठ झालेल्या वचनाचा एक तोटा असा, की ओठ चालू राहतात आणि क्रमाकडे लक्ष जात नाही. त्या सात निषेधांत पहिला चोरीचा आहे. चौथा क्रोधाचा, पाचवा दुसऱ्याविषयीच्या तिटकाऱ्याचा, सहावा आत्मस्तुतीचा आणि सातवा परनिंदेचा. ज्याच्या घरी नुकतीच चोरी झाली आहे अशा माणसाने हे वचन एकदा सावकाश म्हणून पाहावे. पहिला शब्द चोराला लागू पडतो, हे त्याला लगेच पटेल. परंतु चौथा शब्द कोणाला उद्देशून आहे? चोराने पहिला नियम मोडला म्हणून घरधन्याला चौथा मोडण्याची मुभा मिळते, असे त्या वचनात कोठेही म्हटलेले नाही.

हा विचार लिहावयास घेण्याचे कारण एक पत्र आहे. सीमाभागातील एका भगिनींनी ते धाडले असून नावगाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. त्यांचा धाकटा मुलगा इंग्लंडच्या उत्तर भागातील एका शहरात अभियांत्रिकीचे पुढील शिक्षण घेतो. पाच विद्यार्थी मिळून एका भाड्याच्या घरात राहतात. एके संध्याकाळी तो ग्रंथालयातून परतला, तो खोलीतून लॅपटॉप, थोडी रोकड आणि आजोबांनी दिलेले मनगटी घड्याळ नाहीसे झालेले. कुलूप फोडल्याची खूण नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, तक्रारीचा क्रमांक दिला, पुढे काही झाले नाही. लॅपटॉपमध्ये प्रबंधाची तीन महिन्यांची टिपणे होती. इष्टलिंग गळ्यात होते म्हणून चांदीची करडगी तेवढी वाचली, याबद्दल मातोश्रींनी कूडलसंगमदेवाचे आभार मानले आहेत. पहिले पंधरा दिवस मुलाला धड झोप नाही, जेवण नाही; घरी फोन केला की चोराला शिव्याशाप. मग त्याच घरात राहणाऱ्या श्रीलंकेच्या एका बौद्ध मुलाने त्याला रोज रात्री शेजारी बसवून ‘मेत्ता’ शिकवली. डोळे मिटून बसावयाचे आणि ज्याने चोरले त्याचे भले होवो, तो निर्वैर आणि सुखी असो, अशी भावना करावयाची. महिन्याभरात मुलगा निवळला.

आईचे प्रश्न दोन आहेत. लिंगधारकाने ही बौद्धांची साधना केली तर चालते काय? आणि दुसरा, जो मला अधिक मोलाचा वाटतो: चोराचे भले व्हावे असे म्हणणारा मुलगा शहाणा झाला की दुबळा झाला?

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. मेत्ता म्हणजे पाली भाषेतील मैत्री. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना बौद्धांच्या ब्रह्मविहारांत आहेत, तशा त्या पतंजलीच्या योगसूत्रांतही आहेत. ज्या ग्रंथात या भावनेचा अभ्यास तपशिलाने सांगितला आहे तो आचार्य बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ पाचव्या शतकात श्रीलंकेत रचला गेला, आणि त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यात मोठा वाटा एका मराठी माणसाचा आहे. गोव्यातील साखवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाचा धर्म मुळातून शिकावा म्हणून घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे फिरत ते श्रीलंकेत पोहोचले आणि तेथे पाली शिकले. परदेशी विद्यार्थी म्हणून त्यांनी काय हालअपेष्टा सोसल्या ते ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मचरित्रात वाचावे. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा 50 रुपयांचे साहाय्य दिले, आणि 1910 मध्ये ते या ग्रंथाच्या कामासाठी अमेरिकेत हार्वर्डला गेले. तेव्हा श्रीलंकेच्या मुलाकडून आपल्या मुलाने काही घेतले तर ती फार जुनी देवघेव आहे. लिंगपूजा न चुकवता मुलगा रात्री घटकाभर असा बसत असेल, तर त्यात आचारभंग झाला असे मला वाटत नाही. अनुभवमंटपात काश्मीरपासूनचे लोक आपापली साधना घेऊन आले होते, अशी आपलीच परंपरा सांगते.

आता दुसरा प्रश्न. ‘चोराचे भले होवो’ हे वाक्य ऐकले की आपल्याकडे लोक हसतात, ‘आला मोठा साधू’ म्हणतात. पण बुद्धघोषांनी या भावनेचा क्रम कसा लावला आहे तो पाहिला म्हणजे हसू ओसरते. ते सांगतात की मैत्रीचा आरंभ वैऱ्यापासून करू नये. तसे केल्यास भावना होण्याऐवजी त्याचे अपराधच आठवू लागतात. आधी स्वतःविषयी सद्भावना करावी, मग ज्याच्याविषयी आदर आणि प्रेम आहे त्याच्याविषयी, मग जो आपला ना मित्र ना शत्रू अशा माणसाविषयी, आणि मन मऊ झाल्यावर शेवटी वैऱ्याविषयी. म्हणजे ही शेतीच्या मशागतीसारखी गोष्ट आहे. नांगरट नाही, कुळवणी नाही, आणि एकदम पेरणी केली तर उगवेल काय? क्रोधी माणसाला त्यांनी दिलेला एक दाखला मला फार आवडतो. दुसऱ्याला मारण्यासाठी जळता निखारा हातात घेणारा मनुष्य आधी स्वतःचाच हात भाजून घेतो, असा तो दाखला आहे. बसवण्णांचे क्रोधावरील वचन ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथे ओळखीची खूण पटेल. घरात लागलेली आग शेजाऱ्याच्या घराआधी आपलेच घर जाळते, हा त्या वचनाचा आशय आहे. पाचव्या शतकातील भिक्षू आणि बाराव्या शतकातील शरण यांची भाषा भिन्न, साधना भिन्न, पण पंधरा दिवस उपाशी आणि जागे राहून त्या मुलाने काय जाळले हे दोघांनाही एकाच नजरेने दिसले असते. चोर त्या रात्री कदाचित गाढ झोपला असेल!

तेव्हा दुबळेपणाचे म्हणाल, तर दुबळा तो पहिल्या पंधरवड्यात होता.

परंतु आपले शरण एवढ्यावर थांबत नाहीत. बसवण्णांच्या घरच्या गाईंची कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. रात्री चोरांनी दुभत्या गाई हाकून नेल्या. सेवक धावत आले, आरडाओरड झाली. बसवण्णांनी विचारले, वासरे कोठे आहेत? वासरे गोठ्यातच राहिली होती. ते म्हणाले, मग ती आईवाचून हंबरतील. त्यांनाही गाईंच्या मागोमाग पोहोचती करा. कीर्तनकार येथे बसवण्णांच्या दयेचे वर्णन करतात आणि पुढे जातात. ज्याने स्वतः गाय पाळली आहे त्याला यात आणखी काही दिसते. वासरू पुढ्यात नसले तर गाय पान्हा सोडत नाही. आपल्याकडे त्याला गाय दूध चोरते असेच म्हणतात. वासरांवाचून नेलेल्या गाई चोरांना दूध देणार नव्हत्या, त्या मारच खाणार होत्या. म्हणजे त्या क्षणी बसवण्णांच्या डोळ्यांपुढे तिघांचे दुःख होते: वासरांचे, गाईंचे आणि चोरांच्या घरी दुधाची वाट पाहणाऱ्या लेकरांचे. स्वतःचे नुकसान या हिशेबात चौथेही नव्हते. या प्रसंगाशी जोडले जाणारे वचन तर त्याहून पुढे जाते. तेथे दूध पिणारा आणि येथे दूध पिणारा एकच, तो संगमदेव, असा त्याचा भाव आहे.

येथे मेत्ता आणि शरणमार्ग यांतील फरक ध्यानात घ्यावा. उगीच सगळे एकच आहे असे म्हणून गोडवा आणणे मला मान्य नाही. मेत्तेत ‘तू सुखी हो’ असे म्हणणारा आणि ज्याला म्हणावयाचे तो, असे दोघे राहतात. त्यांच्यामधील सीमा पुसत जावी हा अभ्यास. त्यासाठी ईश्वराची गरज त्या मार्गाला भासत नाही. बसवण्णांपुढे मात्र आरंभापासून दुसरा कोणी नाहीच. आणखी असे, की मैत्रीची भावना मनात फुलते, वासरू मात्र दाराबाहेर हाकून न्यावे लागते. त्यासाठी कोणीतरी रात्री उठून दोर सोडावा लागतो. माझ्या मते मुलाने मेत्ता करावी, आणि मनात आले म्हणजे विचारावे, आता माझे वासरू कोणते?

ते त्याला शोधावे लागले नाही, समोर येऊन उभे राहिले. आईने पत्राच्या शेवटी दोन ओळींत जे लिहिले आहे ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कुलूप फोडलेले नव्हते म्हणून संशय घरातल्याच एकावर गेला. घरात पूर्व युरोपातून आलेला एक विद्यार्थी आहे, अबोल, पैशांच्या तंगीतला, रात्रपाळीला गोदामात काम करणारा. बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणे सोडले. स्वयंपाकघरात तो आला की इतर उठून जात. पुरावा काहीच नव्हता. आणि ज्याने ज्ञात-अज्ञात चोरासाठी रोज रात्री मैत्री भाविली, तो आपला मुलगाही त्याच्याशी बोलत नव्हता!

वाचकहो, यात त्या मुलाला दोष देऊ नका. आपले सर्वांचे असेच होते. ज्याला चेहरा नाही त्या चोराला क्षमा करणे तसे सोपे आहे. संशयिताला चेहरा असतो, तो रोज नळावर भेटतो. घरात दागिना सापडेना झाला की पहिली नजर कोणावर जाते? भांडी घासणाऱ्या बाईवर. मग दागिना गादीखाली सापडतो आणि बाईला कोणी काही सांगत नाही. शरणांच्या घरात ही रीत नसावी, पण ती आहे. तिटकाऱ्याचा निषेध करणारा पाचवा नियम नेमका येथे लागू होतो. परदेशात तर हा संशय व्यक्तीवरून जमातीवर फार लवकर सरकतो. ‘ही माणसे अशीच’ असे वाक्य तयार होते. आणि ज्या मुलाकडे तिथल्या दुकानात पहारेकरी वळून वळून पाहतो, त्याने तरी हे वाक्य उच्चारू नये. मुलाने पुढे त्या अबोल मुलाला आपल्या हातचे जेवण वाढले, असे आईने कळविले आहे. भाकरी तिथे मिळत नाही. गव्हाच्या पोळ्या आणि डाळ. चोरी कोणी केली हे आजही ठाऊक नाही. मला विचाराल तर वासरू गेले ते त्या जेवणाच्या ताटात गेले.

आता काही व्यवहारी वाचक म्हणतील, महाराज, असेच सगळे करू लागले तर चोरांचे फावेल. ही शंका खरी आहे, आणि आनंदाची गोष्ट अशी की स्वतः बुद्धांच्या उपदेशात तिला जागा दिली आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एक राजा आहे. त्याच्या राज्यात दरिद्री लोकांना धन दिले जात नव्हते, त्यामुळे दारिद्र्य वाढले आणि चोरी सुरू झाली. पहिला चोर पकडून आणला. त्याने पोट भरत नाही असे सांगितले, तेव्हा राजाने त्याला धन दिले आणि यावर संसार चालव म्हटले. बातमी पसरली, चोरी केली की राजा धन देतो! चोऱ्या वाढल्या. मग राजाने धोरण फिरवून एकाचे मस्तक उडविले. तेव्हा चोरांनी शस्त्रे तयार केली आणि ज्यांना लुटले त्यांची मस्तके उडवू लागले. म्हणजे चोराला बक्षीसही चुकले आणि खड्गही चुकले. चूक दोहोंच्या आधी झाली होती.

त्याच निकायातील कूटदंत सुत्तात याची दुसरी बाजू येते. महाविजित राजाला मोठा यज्ञ करावयाचा होता आणि देशात लुटारूंचा उपद्रव होता. पुरोहित त्याला सांगतो की वध, बंधन, हद्दपारी यांनी हा उपद्रव समूळ जाणार नाही, उरलेले पुन्हा त्रास देतील. जे शेती आणि गुरे सांभाळतात त्यांना बियाणे आणि चारा दे, जे व्यापार करतात त्यांना भांडवल दे, जे राजसेवेत आहेत त्यांना अन्न आणि वेतन दे. आपापल्या कामात गुंतलेली माणसे राज्याला पीडा देणार नाहीत. बाराव्या शतकात कल्याणात या ‘आपापल्या काम’ाला कायक हे नाव मिळाले, त्याला पूजेची प्रतिष्ठा मिळाली, आणि कायकातून येणाऱ्या प्राप्तीला दासोहाची वाट मिळाली. कायक आणि दासोह यांचे आपण नेहमी आध्यात्मिक अर्थ सांगतो. चोरीवरचा उपाय म्हणूनही त्यांच्याकडे पाहावयास हरकत नाही.

पोलिसांत तक्रार केली हे मैत्रीच्या विरुद्ध झाले काय, असेही कोणी विचारील. मुळीच नाही. बसवण्णा बिज्जळाच्या दरबारी भांडारी होते. त्यांनी राजाचा खजिना जंगमदासोहात उडविला असे बालंट आले, तेव्हा हिशेब चोख निघाला, असे परंपरा सांगते. स्वतःच्या गाई गेल्या तेव्हा वासरे पाठविणारा हा पुरुष भांडाराच्या किल्ल्यांबाबत मात्र काटेकोर होता. आपले ते सोडण्याचा अधिकार आपल्याला असतो. सोपविलेले सोडण्याचा नसतो. ही गोष्ट संस्थांच्या विश्वस्तांनी विशेष ध्यानात ठेवावी. मठाच्या पेटीतील रक्कम गेली आणि कोणी बसवण्णांच्या गाईंचा दाखला देऊ लागला, तर त्याला आधी खतावणी दाखवावयास सांगावी. खासगी चोरीची खबर देण्यातही खरे सांगणे आणि शेजाऱ्याला सावध करणे एवढेच आहे. शिक्षा व्हावी म्हणून मनात चरफडत बसणे निराळे.

आणि चोर? तो काय कायमचा चोर? शरणांच्या मांदियाळीत कन्नद मारितंदे नावाचे वचनकार होऊन गेले. कन्नडमध्ये ‘कन्न’ म्हणजे भिंतीला पाडलेले भगदाड. आधी घरफोडी हा त्यांचा धंदा होता. शरण झाल्यावर त्या धंद्यातल्याच प्रतिमा त्यांच्या वचनांत उतरल्या. कल्याणने त्यांचे जुने नाव झाकले नाही आणि त्यांना दाराबाहेरही ठेवले नाही. अशा मनुष्याला घडविणारी सभा कशी असेल याचा विचार करताना मला वाटते, की तिथे बसलेल्यांपैकी एखाद्याच्या घराची भिंतही त्यांनी कधी फोडली असेल. शेजारी बसताना त्या दोघांना काय वाटले असेल?

मेत्तेने मन शांत झाले की एक नवी अडचण येते, तीही सांगितली पाहिजे. क्षमा करणारा मनुष्य क्षमेची गोष्ट सांगू लागतो. मित्रांना सांगतो, फोनवर सांगतो, आणि प्रत्येक वेळी चोर थोडा अधिक नीच होतो आणि सांगणारा थोडा अधिक उंच. सहावा नियम आत्मस्तुतीचा आणि सातवा परनिंदेचा. ते दोन्ही एका कथनात मोडता येतात. आईने हे पत्र नाव न छापण्याच्या अटीवर लिहिले, हे मला म्हणूनच बरे वाटले.

शेवटी विम्याविषयी. विद्यार्थ्याच्या सामानाचा विमा होता आणि दाव्याचा अर्ज भरावयाचा होता. लॅपटॉप तीन वर्षांचा जुना. घरातल्या मित्रांनी सल्ला दिला, नवाच होता असे लिही, सोबत एक कॅमेराही गेला म्हण. सगळे असेच करतात, कंपनी काय गरीब आहे? पाहा, चोरी ज्याची झाली त्याच्याच हाती आता भगदाड पाडण्याची पहार दिली जात होती, आणि तीही नुकसानभरपाईच्या गोड नावाने. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला आपले थोडेसे पाप न्याय्य वाटू लागते. येथे आयदक्की लक्कम्मांची आठवण येते. त्यांचे पती मारय्या वाटेवर सांडलेले तांदूळ वेचून आणत. तेच त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी रोजच्याहून अधिक तांदूळ आणले. लक्कम्मांनी ओंजळ पाहिली आणि ही हाव कोठून आली असे विचारले. तांदूळ कोणाच्या घरातून उचललेले नव्हते; मातीत पडलेले होते. तरीही जास्तीचे होते, एवढेच कारण त्यांना पुरेसे वाटले, आणि ते जिथून आणले तिथे परत टाकून या, असे त्यांनी पतीला सांगितले.

मुलाने अर्जात लॅपटॉप तीन वर्षांचा असल्याचे लिहिले. कॅमेरा लिहिला नाही. मंजूर झालेली रक्कम नव्या यंत्राला पुरली नाही, म्हणून त्याने जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक वापरलेला लॅपटॉप घेतला. टिपणे तो पुन्हा लिहितो आहे. आजोबांच्या घड्याळाची किंमत मात्र त्याला काय लिहावी ते सुचेना, तेव्हा तो रकाना त्याने कोरा ठेवला.